चिमणीची परात

ठकुबाई घुंगरू वर्क्स,
गांधी बाजारामागे, बसवनगुडी, बेंगळूर
७ जुलै २०२५

चि. शाल्मली हिस अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक आहोत. तू आणि तुझे वडील धारवाडात ठीक असाल, त्यांच्या हार्मोनियमच्या दुकानात गिऱ्हाईक असेल, तुझ्या बँकेतले कॉम्प्युटर चालत असतील, असं धरून पुढे लिहितो.

परदेशी व्यापाराच्या नोंदणीची सरकारी फी पाचशे रुपये. एवढीच. ते पाचशे मला कसे पडले ते आधी सांगतो. झेरॉक्स, रिक्षा आणि सल्लागाराच्या ऑफिसातल्या पोरींना मैसूरपाक, हे सोडून दे. दुकानाची पाटी पुन्हा रंगवावी लागली, कारण फोटोत पत्ता वाचता येईना. किरणशी एक भांडण झालं. आनेकलला आपल्या ओतारी नागराजशी त्याहून मोठं झालं. सुनंदा, म्हणजे तुझी आत्या, आठवडाभर माझ्याशी फक्त जेवणापुरतं बोलली. आणि माझी दुपारची झोप गेली, जी मी आजवर कुठल्याही गिऱ्हाइकाला विकली नव्हती. एवढं होऊन नोंदणी अजून झालेली नाही.

वर नुसतं 'चि.' लिहिलंय. पुढे आणखी काही लिहायचं का, यावर पेन बराच वेळ थांबलं. तुझं आणि किरणचं नातं कोर्टाने रीतसर सोडवलं, दोघांनी सह्या केल्या, छान झालं. तू मामा म्हणतेस त्या सासऱ्याचं काय करायचं हे मात्र न्यायाधीशाने कुणाला विचारलं नाही. मीही आठवण करून दिली नाही. तेव्हा जुन्याच हक्काने लिहितोय.

फोन का केला नाही म्हणशील. हल्लीच्या फोनवर माणसं डब्यात तोंड घालून बोलल्यासारखी बोलतात. त्यात तू मुळात 'हं' म्हणणारी. तुझ्या एका 'हं'मध्ये होय, नाही आणि बघू असे तीन अर्थ असतात, आणि मला कधीच नेमका लागला नाही. कागद बरा.

आता बातमी. सुखदा म्हणून एक बाई आहेत, मूळच्या सोलापूरच्या. मेलबर्नला भरतनाट्यम शिकवतात. त्यांच्या बहिणीने इथून आपले एक जोड गेज्जे, म्हणजे घुंगरांचे पट्टे, नेले होते. ते त्यांनी पायात बांधले आणि तिकडून थेट दुकानात फोन. त्यांना आपल्या सगळ्या मुलींसाठी जोड हवेत, आणखी दोन शाळांनाही त्याच देणार. म्हणजे आता आपला माल पिशवीत लपवून नाही, राजरोस कस्टममधून जाणार. त्यासाठी तो इंपोर्ट-एक्स्पोर्टचा कोड हवा. मी सुनंदाला म्हटलं, बघ, निपाणीची ठकुबाई विमानात बसणार. ती म्हणाली, तुमची आई एस.टी.त बसली की ओकायची.

किरण म्हणतो नाव बदला, तिकडच्या लोकांना 'ठकुबाई' म्हणता येत नाही. मी म्हटलं, त्यांना 'मेलबर्न' म्हणायला आपण शिकलो, त्यांनीही शिकावं.

तुला माहीत आहे, कान हे माझं भांडवल. या गावात उतरलो तेव्हा अंगावरच्या कपड्यांखेरीज तेवढंच होतं. अव्हेन्यू रोडला भांडीवाल्याकडे ओझी उचलायचो. कुणी तांब्या फरशीवर ठेवला तर त्याला तडा आहे का, हे मी पाठमोरा सांगायचो. म्हणून शेटने हमालीतून काढून गल्ल्याशेजारी बसवलं. अजूनही बाजारात कुणाच्या हातून नाणं निसटलं तर ते किती रुपयांचं, हे मी आत बसून सांगतो. सुखदाबाईंना मी छातीवर हात ठेवून सांगितलं की बेंगळुरात गेज्जे विकणारे पुष्कळ, पण एकेक घुंगरू कानाशी धरून जुळवणारा एकच. त्या म्हणाल्या, म्हणून तर तुमच्याकडे आले.

पराती आहेत तिथेच आहेत. आजोबा, अक्का, पोर आणि चिमणी. जाड आवाजाचं घुंगरू आजोबाच्या परातीत, काळा दोरा. सगळ्यांत बारीक आवाजाचं चिमणीच्या, लाल दोरा. आणि ज्याला आवाजच नाही ते खाली मुक्यांच्या बुट्टीत, तिथून परत आनेकलच्या भट्टीत वितळायला. तू पहिल्यांदा या पराती बघून हसली होतीस. तुझ्या वडिलांकडे सगळं सा-रे-ग-मवर चालतं, आमच्याकडे घरच्या माणसांवर. पण मग बसलीस आणि संध्याकाळपर्यंत माझ्यापेक्षा जास्त घुंगरं वेगळी केलीस. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

तर अडचण अशी की सुखदाबाईंना चिमणीच हवी. लहान मुली, लहान पाय, आवाज वर उडाला पाहिजे. आणि नेमकी चिमणीच येईनाशी झाली आहे. परात गेल्या दिवाळीपासून रिकामी. पोर येतं, अक्का येते, आजोबा तर ढीगभर. चिमणी म्हणून जे ओततो ते सगळं मुकं निघतं. नागराजला विचारलं, पितळ कुठून आणलंस? जस्त जास्त झालंय का? साचा बदललास का? तो म्हणतो, काही बदललं नाही सावकार. मी म्हटलं, मग माझा कान बदलला का? तर वाकून भट्टीत कोळसा सारायला लागला. असा राग आला म्हणून सांगू.

सोबत त्यातली मूठभर पाठवतोय. तू एकदा वाजवून बघ आणि दोन ओळी लिही की पितळ हलकं आहे. तुझं नाव सांगितलं तर नागराज ऐकेल. बाकी काही काम नाही.

आत्याने तुझ्यासाठी लसणाची चटणी दिली होती. तिचा वास घुंगरांना लागेल म्हणून काढून ठेवली. ती मीच खातोय.

मामा


बसवनगुडी, बेंगळूर
२१ जुलै २०२५

चि. शाल्मलीस आशीर्वाद.

तुझं पाकीट मिळालं. तब्येती ठीक. पाऊस येतो, जातो.

पाठवलेली सगळी घुंगरं तू परत धाडलीस, तीही लाल दोऱ्यात ओवून, नीट गाठ मारून. आणि चिठ्ठी एका ओळीची. 'मामा, ही मुकी नाहीत.'

रागावू नकोस, पण एक सांगतो. कान हा रोज घासावा लागतो. दोन वर्षं बँकेत नोटा मोजणाऱ्या मशीनची खरखर ऐकल्यावर कुणाचाही कान बोथट होईल, यात तुझा दोष नाही. मी ती माळ कानाशी धरून हलवली. आतली गोळी कटकट करते, एवढंच. पत्र्याच्या डब्यात हरभरा टाकल्यासारखं. याला आपण चिमणी म्हणायला लागलो तर उद्या कुलपालाही म्हणू.

असो. तुझा निकाल मी नागराजला कळवलेला नाही.

नोंदणीचं सांगतो. सल्लागाराचं ऑफिस गांधी बाजारात फुलांच्या दुकानावर आहे. जिना चढेपर्यंत मोगरा, वर पोचल्यावर टोनर. तिथे दिव्यश्री म्हणून मुलगी आहे, फार हुशार, बोटं पळतात नुसती. पण आजकालच्या पोरी बोलतात की कुजबुजतात कळत नाही. सगळा अर्ज कॉम्प्युटरवर. पॅन घातलं, पत्ता घातला, बँकेचा रद्द केलेला चेक चिकटवला. मग म्हणे तुमच्या फोनवर आकडा येईल तो सांगा. मी फोन मांडीवर घेऊन बसलो. ती बघते माझ्याकडे, मी बघतो तिच्याकडे. शेवटी तिने हात पुढे करून फोन घेतला. आकडा कधीच येऊन शिळा झाला होता. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तिने फोन आपल्या टेबलावरच ठेवून घेतला. स्वस्तातला फोन आहे. किरणने आणला.

मागे बाकावर दोघं जण बसले होते. काजूचे व्यापारी असावेत, हातातल्या पिशव्यांवरून. त्यांना वाटलं मराठी माणसाला कन्नड काय कळणार. एक दुसऱ्याला म्हणतो, म्हाताऱ्याला ऐकू येत नाही वाटतं, पोरगी केव्हाची हाक मारतेय. मी मागे वळलो आणि कन्नडमध्येच म्हटलं, अण्णा, तुमचं तर शब्द न् शब्द ऐकू आलं. दोघांचे चेहरे बघायला हवे होतेस. आता सांग, बहिरा असतो तर ते ऐकलं असतं का?

तरी त्या दिवशी अर्ज पुरा झाला नाही. एका चौकटीवर अडला. धंद्याचा प्रकार कुठला, एकट्या मालकीचा की भागीदारीचा. दिव्यश्री म्हणाली, सर, तुमचं एकट्याचंच आहे ना, दाबू का? मी म्हटलं, थांब. तिने विचारलं, का? मी म्हटलं, स्वल्प विचार करतो. आणि खाली उतरून मोगऱ्याचा गजरा घेतला, कारण हातात काहीतरी हवं होतं. तो घरी नेला तर सुनंदा म्हणते, काय चुकलं तुमचं?

ती चौकट मनातून जाईना. एकट्याचं म्हणून घेतलं तर तो कोड माझ्या पॅनला चिकटतो. मी आहे तोवर तो आहे. भागीदारी केली तर फर्मचं वेगळं पॅन निघतं आणि कोड फर्मचा होतो. एका चौकटीवर टिचकी मारायची, पण त्यात विचारलंय की तुझ्यामागे कोण.

किरण रविवारी इंदिरानगरहून आला. त्याला वाटलं मी त्याच्यासाठी थांबलोय. चांगला मुलगा आहे तो, हे तुला मी सांगायला नको आणि सांगून उपयोगही नाही. त्याने लॅपटॉप उघडून हिशोब दाखवला. पत्र्याची घुंगरं मशीनवर ठोकून मिळतात, ओतीवच्या पाव किमतीत. सगळी एकसारखी, जुळवायची भानगडच नाही. वर आपलं लेबल. नोंदणी त्याच्या नावे, वेबसाइट त्याची, मी फक्त फोटोत बसायचं, फेटा बांधून. मी म्हटलं, मी जन्मात फेटा बांधला नाही. तो म्हणाला, परदेशात लागतो.

मी म्हटलं, त्या पत्र्याच्या घुंगराला सूर नसतो रे.

त्यावर तो हळूच म्हणाला, "अप्पा, खरं सांगा. कुणाला ऐकू येतो तो?"

त्याने ते धंद्याच्या दृष्टीने विचारलं. मी कॉफीचा पेला खाली ठेवला. म्हटलं, मला येतो. आणि उठून आत गेलो. सुनंदा म्हणते मी दार आपटलं. मला तर आवाज आला नाही, हळूच लावलं असणार.

सुखदाबाई पुढच्या आठवड्यात बेंगळुरात येताहेत, बहिणीकडे. माल स्वतः बघून ठरवणार. चिमणीच्या परातीत दाखवायला एक दाणा नाही. आनेकलला पुन्हा जाऊन आलो. नागराजने माझ्यासमोर नवा घाणा ओतला. थंड झाल्यावर मी एकेक हलवून बघितलं. सगळं मुकं. बुट्टी भरून तिथेच भट्टीशेजारी ठेवायला सांगितली, तर म्हणाला, सावकार, ही बुट्टी दुकानात घेऊन जा, परत वितळवायची घाई नको. का, विचारलं, तर त्याला ऐनवेळी बिडी पेटवायची आठवण झाली.

तू एकदा कुणाला तरी दाखव ती घुंगरं. म्हणजे तुझ्या वडिलांना. ते या विषयात माझ्यापेक्षा कमी नाहीत, हे मी कबूल करतो, लेखी.

पण तू तर परत पाठवलीस. म्हणजे दाखवायला तुझ्याकडे काहीच नाही. हे आत्ता लक्षात आलं. खोडत नाही.

मामा


बसवनगुडी, बेंगळूर
४ ऑगस्ट २०२५

चि. शाल्मली,

आशीर्वाद धर. क्षेमकुशल या वेळी शेवटी लिहीन म्हणतो, जमलं तर.

सुखदाबाई आल्या. साध्या आहेत, कापडी पिशवी, कॉफीत साखर नको. मी पराती पुसून ठेवल्या होत्या. चिमणीच्या परातीत पोराच्या परातीतली त्यातल्या त्यात बारीक आवाजाची निवडून घातली होती. व्यापारी आहे मी, रिकामी परात दाखवत नाही.

त्या परातींपर्यंत गेल्याच नाहीत. दारात चप्पल काढायला वाकल्या. तिथे आनेकलची बुट्टी ठेवलेली. वाकल्या वाकल्या त्यांचा हात तिला लागला. मग त्यांनी मूठ भरून घेतली आणि हलवली. डोळे मिटले. पुन्हा हलवली. त्यांच्यामागे रस्त्यावरून शाळेतली एक मुलगी चालली होती, तीही थांबून आत बघायला लागली.

सुखदाबाई म्हणाल्या, "ज्योतिबाअण्णा, ही इथे जमिनीवर काय करताहेत?"

मी म्हटलं, "ती मुकी आहेत. वितळायची."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं थट्टा करताहेत. मीही हसलो, म्हटलं, आवडत असतील तर फुकट न्या. त्या हसल्या नाहीत. त्यांनी बुट्टी उचलून टेबलावर ठेवली, माझ्या पुसलेल्या पराती बाजूला सारून. मला म्हणाल्या, मला हीच हवीत. फक्त जुळवून द्या, नवरात्राच्या आत. आणि माझ्या दंडावर हात ठेवला, जसा आजारी माणसाच्या ठेवतात.

त्या गेल्यावर दुपारी शटर अर्धं ओढलं. सुनंदाला खाली बोलावलं. तू पाठवलेली लाल दोऱ्याची माळ तिच्या हातात दिली, भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसलो आणि म्हटलं, वाजव.

मी वाट बघितली. भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं पंख्याने हलत होती, ती बघितली. मग म्हटलं, "वाजव की."

"वाजवली," ती म्हणाली.

"कधी?"

"अजून वाजवतेच आहे."

मी वळलो. तिचा हात हलत होता आणि तोंडावरून पाणी चाललं होतं. तिला माहीत होतं, शाल्मली. सगळ्यांना माहीत होतं. कुकरची शिट्टी, दारावरची बेल, तिची स्वयंपाकघरातून मारलेली हाक. ती म्हणाली, मला वाटलं तुम्हाला कळलंय आणि तुम्ही लपवताय, म्हणून मीही लपवत होते.

डॉक्टर जयनगरला आहे. त्याने कानात टोप्या घातल्या आणि म्हणाला, आवाज आला की बोट वर करा. बारीक आवाजांना मी एकदाच बोट वर केलं, तेही चुकीचं निघालं. म्हणाला, ऐकण्यातला वरचा भाग, बारीक आवाजांचा, गेलाय. इतकी वर्षं घासायच्या चक्रावर पितळ घासलंत, त्याने गेला. खालचं शाबूत आहे. म्हणून पुरुषांचं बोलणं येतं, बायकांचं अर्धं. यंत्र लावलं तर माणसांचं बोलणं सुधारेल. मी विचारलं, घुंगरांचं? तो म्हणाला, म्हणजे काय? त्याला समजावून सांगत बसलो नाही.

दुसऱ्या दिवशी बसने आनेकलला गेलो. नागराज भट्टीपुढे होता. मी त्याला विचारलं, तुला ठाऊक होतं? त्याने पक्कड पुसून खाली ठेवली. मग म्हणाला, सावकारांच्या कानाची साऱ्या पेठेत कीर्ती, तिथे मी कोण सांगणारा? म्हणून बुट्टी दुकानात पाठवली, म्हटलं तिथे कुणीतरी शहाणं येईल. मी विचारलं, दिवाळीपासून किती वितळवलं? त्याने भट्टीकडे बघितलं, माझ्याकडे नाही. म्हणजे सगळी चिमणी. गोड आवाजाची जेवढी म्हणून जन्माला आली, तेवढी मी पुन्हा आगीत लोटली, आणि त्याच्यावर ओरडलो पितळ वाईट म्हणून. त्याने त्याच पितळाची पुन्हा तीच ओतली. परत तीच. असा माणूस मला कुठून मिळाला कोण जाणे. त्याच्या हातचा चहा घेऊन आलो, दुसरं काय करणार.

आता खरं काम लिहितो. पहिल्या पत्रापासून हेच लिहायचं होतं की काय, मलाच कळत नाही. मूठभर घुंगरं तुलाच का पाठवली? नागराजला पटवायला बेंगळुरात दुसरा कान मिळाला नसता का?

दिव्यश्रीकडे गेलो. तिला म्हटलं, माझ्या समोर बस, तोंड दिसू दे आणि मोठ्याने बोल, मला कमी ऐकू येतं. बाहेरच्या माणसाला हे पहिल्यांदाच सांगितलं. तिने खुर्ची ओढली आणि इतक्या मोठ्याने बोलली की खालच्या फुलवालीने वर बघितलं. मी म्हटलं, चौकटीत भागीदारी लिही. तिने विचारलं, दुसरा भागीदार कोण? मी तुझं नाव सांगितलं. नातं विचारलं. मी म्हटलं, नातं लिहायची जागा आहे का त्यात? म्हणाली, नाही सर, फक्त पॅन आणि सही. म्हटलं, सरी, ठीक, मग झालं.

निम्मा हिस्सा. उपकार नाही. तू नसलीस तर माझा निम्मा म्हणजे पितळाचं भंगार. तू इकडे यायला नको. बँक सोडायला नको. रात्रीच्या बसने पोतं धारवाडला येईल, कंडक्टर ओळखीचा आहे. तू सवडीने वेगळी कर, दोरे बांध आणि परत पाठव. तुझे वडील मदतीला बसले तर मला आनंदच, पण त्यांना सांग, आमच्याकडे सा-रे-ग-म नाही, आजोबा-अक्का-पोर-चिमणी. कराराचा कागद दिव्यश्रीने करून ठेवलाय. त्यावर सही झाली की फर्मचं पॅन, मग बँकेतलं खातं, मग तो कोड, मग मेलबर्न. तोवर काही हलत नाही. सुखदाबाई नवरात्रापर्यंत थांबतील, पुढे नाही. त्यांच्या मुलींना नाचायचं आहे, माझं दुखणं काढत बसायचं नाही.

किरणला मी समोर बसवून सांगितलं. तुला न विचारता त्याला आधी सांगितलं, कारण त्याने हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकू नये. त्याने फोन पालथा करून ठेवला. मग म्हणाला, "विचारा तिला. ती नाही म्हणाली तर मला सांगू नका." जाताना मला म्हणाला, यंत्र मी घेऊन येतो, चांगलं मिळतं. मी म्हटलं, आण. त्याने माझ्याशी बोलताना तोंड माझ्याकडे केलं होतं. बहुतेक बरेच दिवस करत असणार, मला आत्ता दिसलं.

तू नाही म्हणालीस तर काय, तेही लिहितो, म्हणजे तुला ओझं नको. तुला नाही म्हणायला पुरेशी कारणं आहेत आणि त्यातलं एकही मी खोडून काढणार नाही. मग किरणचा मशीनवरचा माल येईल. ठकुबाईच्या पाटीखाली पत्र्याची घुंगरं विकली जातील, एकसारखी, चकचकीत. माझी तक्रार नसेल, कारण मला ती ऐकूच येणार नाहीत. नागराज भट्टी विझवून कुठल्यातरी कारखान्यात गेटवर बसेल. एवढंच. आकाश कोसळत नाही. पण चिमणीची परात मी पालथी घालून ठेवीन, तिच्यात दुसरं काही भरणार नाही.

तुझी लाल दोऱ्याची माळ गल्ल्यावर खिळ्याला लावली आहे. पंखा सुरू असला की हलते. गिऱ्हाईक मान वळवून बघतं, त्यावरून मला कळतं की वाजली.

आत्याची तब्येत ठीक. ती आता माझ्याशी मोठ्याने बोलते आणि मजेत आहे, कारण इतक्या वर्षांचं मनातलं ओरडून सांगायला तिला निमित्त मिळालंय. चटणीची नवी बाटली या वेळी वेगळ्या पिशवीत बांधून पाठवतो. करार त्याच पाकिटात आहे. सही कुठे करायची तिथे दिव्यश्रीने पेन्सिलने बारीक फुली केली आहे. न करता परत पाठवलास तरी चालेल. चटणी ठेवून घे.

तुझा,
कोर्टाच्या कागदात ज्याचं नाव नव्हतं तो,
मामा

ता. क. होय असो की नाही, फोन केलास तर आत्याच्या नंबरवर कर. माझा वाजतो असं सगळे म्हणतात. मला त्याची घंटी ऐकू येत नाही.